मुठीतली माती

त्या बाळाची मूठ उघडली तर आत ओली माती आणि गवताच्या दोन काड्या. ती त्याने कधी उचलली, हे मी पाहिलंच नव्हतं. आठवडा झाला, डोक्यातून जात नाही.

पाळणाघरात अंगणाचं खातं माझ्याकडे. मुलं यायच्या आधी मी अख्खं अंगण रांगत फिरते. उभ्याने पाहिलं की सगळं स्वच्छच दिसतं. रांगलं की मांजराची घाण, मुंग्या, रात्रीत उगवलेली भूछत्रं थेट नाकासमोर येतात. बादल्या पालथ्या घालते, कारण तान्हं मूल बुडायला 5 सेंटिमीटर पाणी पुरतं. मग खडे आणि बिया. टिश्यू पेपरच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी माझ्या खिशात असतेच. तिच्यातून जे आरपार जाईल ते 3 वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं, म्हणून ते अंगणाबाहेर. या कामात मला कुणी हरवून दाखवावं. व्यवस्थापनाला मात्र इथे प्लास्टिकचं गवत हवंय. फोटोत छान दिसतं म्हणे. उन्हात त्यावर एकदा स्वतः अनवाणी उभं राहून बघा म्हणावं.

हा गडी 10 महिन्यांचा. चटईवर अगदी राजा. बसायला लागलेल्या बाळांसाठी बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मीड यांनी सुचवलेली टोपली आम्ही वापरतो: लाकडी चमचा, ब्रश, साखळी, मोठा शंख, प्लास्टिकचं काही नाही, आणि मोठ्यांनी जवळ बसायचं, पण तोंड बंद ठेवून. ती टोपली हा अर्धा अर्धा तास उपसायचा. पण चटईची कड आली की हात मागे. गवतावर धरलं की दोन्ही पाय पोटाशी.

आई घाबरली होती. तिला सांगितलं, यात वावगं काही नाही. ॲनी वर्ट्झ आणि कॅरन विन या मानसशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये 8 ते 18 महिन्यांच्या बाळांपुढे झाडं आणि इतर वस्तू ठेवून पाहिलं होतं. झाडाला हात लावायला बाळं जास्त वेळ घेतात. काटा असेल, विष असेल, थबकणं शहाणपणाचंच.

आमच्या एका ताईंना हे पटत नाही. "सवय लागेल," म्हणत त्यांनी एक दिवस त्याला उचलून थेट गवतात बसवलं. तो असा किंचाळला की पुढचे तीन दिवस अंगणाचं दार दिसलं तरी रडायचा. मूल स्वतःहून ज्या स्थितीत येत नाही त्या स्थितीत त्याला ठेवू नये, हे हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांचं म्हणणं गवतालाही लावून मी ताईंना चारचौघांत ऐकवलं. गरजेपेक्षा जास्तच बोलले.

मग तीन आठवडे मी रोज चटईजवळ बसले. वाट बघतेय असं मला वाटायचं. आता वाटतं, ते नुसतं टक लावून बसणं होतं.

त्या दिवशी दोन वर्षांच्या एकीने नाकात बी घातली. माझ्याच झाडलेल्या अंगणातली! अशा वेळी बोट घालायचं नाही, बी आणखी आत जाते. तिला मांडीवर घेतलं, तिचे हात धरले, ताईंना हाक मारली. तेवढ्यात तिला शिंक आली आणि बी बाहेर पडली. मिनिटभराचा खेळ.

वळून पाहिलं तर हा चटईच्या कडेला, हनुवटीला चिखल, मूठ घट्ट. तोंडात बोट फिरवून पाहिलं. मातीखेरीज काही नव्हतं. माझा हात बाजूला सारून त्याने पुन्हा गवतात हात घातला.

वर्षाच्या आतलं मूल बाहेर असेल तर हाताच्या अंतरावर राहायचं, हा नियम मीच नव्या मुलींना घोकायला लावते. माझी त्याच्याकडे पाठ होती.

वहीत मी 'प्रगती'च्या रकान्यात लिहिलं. शेजारचा 'घटना' हा रकाना बीसाठी भरला, याच्यासाठी नाही. ताईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. संध्याकाळी आईने विचारलं, "पहिल्यांदा हात लावला तेव्हाचा फोटो आहे का हो?"

"हात मोकळे नव्हते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चटईला खेटून बसले, पण तोंड मुद्दाम भिंतीकडे केलं. बऱ्याच वेळाने मागून गवत उपटल्याचा आवाज आला. मान वळवावी की नाही, तेच कळेना.