गाठ

काल दुपारी साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा आला. सून कात्री शोधेपर्यंत मी नखानं दोऱ्याची गाठ सोडवायला बसलेही होते. "आई, कापा की!" नाही कापली. पाच मिनिटं गेली, नख दुखावलं, पण दोरा अख्खा बोटांवर गुंडाळून डब्यात गेला. डब्यात असे किती दोरे आहेत ते विचारू नका.

ही खोड आजीची. "बसल्याली गाठ सुटती, कापायची न्हाय." लढाईच्या सालात कापड रेशनवर, रॉकेल मिळेना, दंड घातलेल्या लुगड्यालाच पुन्हा दंड घालायचा, त्यालाही दोरा हवाच. आजोबा मराठा पलटणीतून इटलीत. सासऱ्यांना दमा, म्हणून कोरेगावाकडच्या आमच्या मळ्यात मोट आजीच हाकायची. बाईमाणसानं मोट हाणली म्हणून गाव चार दिवस बोललं, पाटाला पाणी दिसल्यावर गप झालं. मोटेवरची गाणी येत नव्हती, म्हणून ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची. बैलांची काही तक्रार नव्हती म्हणे.

रात्री पत्री सरकारची माणसं भाकरीला यायची. म्हणजे नवरा राजाच्या पलटणीत आणि भाकऱ्या राजाला हाकलणाऱ्यांना! हे कसं गं, म्हणून मी एकदा विचारलं. "पीठ पुरायचं न्हाय, त्येचं इचार की," म्हणाली.

1943 साली धातू वाचवायला सरकारनं भोकाचा पैसा काढला. त्यावर राजाचं डोकंही नाही, नुसता मुकुट. आजोबांचं पत्र आलं आणि पोस्टमननं वाचून दाखवलं, की आजी एक पैसा दोऱ्यात ओवायची. खर्चायला एकेक पैसा मोलाचा असताना! आजोबा 1946 साली परत आले, तरी ती माळ ट्रंकेत तशीच राहिली.

लहानपणी ती माझ्या हाती लागली. पैसे काळे पडलेले, भोकाच्या कडा मात्र गुळगुळीत. मधेच एका ठिकाणी पैसा नव्हता. चार गाठी होत्या, एकीला लागून एक. गाठ सुटते हे मला शिकवलेलंच होतं. मी नख लावलं.

हातावर असा फटका बसला! आजीनं मला मारलं ते तेवढंच.