सोळा आण्यांतले आठ

रात्रीचे पावणेबारा. झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की सांगायचं कुणाला, म्हणून इथे.

२५७. दुपारपासून हा आकडा डोक्यात बसलाय.

झालं असं की गिम्प, म्हणजे माझं फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर, त्याचं ३.० आल्यापासून माझी निगेटिव्हवाली स्क्रिप्ट (स्कॅन केलेल्या निगेटिव्हचे रंग उलटे करून फोटो बनवणारी) बंद पडली होती. पडणारच, ती आधीच्या २.१० साठी लिहिलेली, पायथन २ मधली, आणि नव्याला पायथन ३ लागतं. मार्च २०२५ पासून "बघू एकदा निवांत" चाललं होतं, आज सुट्टी होती तर बसले. नव्यात पिक्सेल हवे असतील तर आधी बफर घ्यायचा आणि त्याला स्वच्छ सांगायचं की कुठल्या फॉरमॅटमध्ये दे, यू८ की यू१६, म्हणजे एका रंगाला आठ बिट की सोळा. मी यू१६ टाईप केलं आणि हात तिथेच थांबला. जुन्या स्क्रिप्टमध्ये असं काही सांगितल्याचं आठवेचना. मग तिथे मला मिळत काय होतं?

जुनी फाईल उघडली. अ‍ॅरे, कंसात 'बी'. म्हणजे एका रंगाला एक बाइट. त्याखाली माझ्याच हातचं रेंज २५६, कारण एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत, तेवढ्याच किमती मावतात. वर कॉमेंट, "लुकअप टेबल, एकदम फास्ट!!" दोन उद्गारचिन्हं, बरं का.

२.१० मध्ये चित्र सोळा बिटचं ठेवता येतं, २०१८ साली ते आलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता, २.८ मध्ये आठच्या वर काही नव्हतंच. पण जुन्या पद्धतीने पिक्सेल मागणाऱ्या स्क्रिप्टला ते आठ बिट करूनच हातात देतं, जुनी प्लगइन मोडू नयेत म्हणून, आणि परत घेताना पुन्हा सोळाच्या मापात बसवतं. एरर नाही, काही नाही. वर टायटल बारला "१६-बिट" तसंच.

तरी वाटलं, नसेल तसं. म्हणून घाटावरचा फोटो घेतला, वाईचा, ढोल्या गणपतीसमोरचा, बाबा पँट दुमडून पाण्यात उभे आहेत तो. नमपायला (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) विचारलं की यात वेगवेगळ्या किमती आहेत किती. सोळा बिटात ६५,५३६ ची जागा असते. लाल १४३. हिरवा ११८. निळा ८१. एक्क्याऐंशी! आणि त्यातल्या प्रत्येकाला २५७ ने पूर्ण भाग जातो, कारण २५५ गुणिले २५७ म्हणजे ६५,५३५, आठाचे सोळा करताना हाच गुणाकार होतो. एकही आकडा मध्ये नाही. मी उगाच पाच-सहा हाताने भागून पाहिले, कॅलक्युलेटरवर, जणू नमपाय खोटं बोलतंय.

रंगीत निगेटिव्हला तो नारिंगी मास्क असतो, त्यामुळे स्कॅनमध्ये निळा रंग आधीच एवढ्याशा पट्टीत दाबलेला येतो आणि उलटा केल्यावर त्याला ताणावं लागतं. मूठभर कणकेची परातीएवढी पोळी लाटायला गेलं तर भोकं पडणारच. हिस्टोग्रामची, म्हणजे कुठली किंमत किती पिक्सेलना आहे त्या आलेखाची, फणी झालीये, तीही दात तुटलेली. आणि मोठा करून बघितला तर खाली घाटाच्या पायऱ्या आणि वर आकाशालाही पायऱ्या. हे मी तीन वर्षं बघत होते आणि फिल्म जुनी आहे असं समजत होते.

असे ४१२ फोटो. एकेक फाईल ८२ एमबी, स्कॅनर ४८ बिटवर (तीन रंगांना सोळा-सोळा) लावून काढलेली, आणि स्क्रिप्टने केलं की त्याच नावावर सेव्ह, कारण डिस्कला जागा नव्हती आणि मला कॉपी ठेवायचा कंटाळा.

कुणालाही कळलेलं नाही, हेच खुपतंय. आई परवाच म्हणाली, छान आलेत गं सगळे, बाबा किती बारीक होते. मंजूआत्याने तर घाटावरचाच डीपी ठेवलाय. सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीजी गेलेत, जेपीजी आठच बिटचं असतं, माझा मॉनिटरही आठचाच. म्हणजे सोळा बिट नीट राहिले असते तरी ते सोळा म्हणून कुणाला दिसणार नव्हते, मलासुद्धा नाही. मग गेलं ते गेलं म्हणायचं का? दिसत नव्हतं ते नसलं तर काय बिघडलं? असं म्हणून पाहिलं. दोनदा. नाही पटलं.

बाबांना मी सांगितलं होतं ना, की आहे तसं सगळं जपून ठेवलंय, काही कमी झालेलं नाही. तेव्हा ते... जाऊ दे.

"सोळा आणे?" असं त्यांनी विचारलं होतं, त्यांची सवयच ती. मी म्हटलं, सोळा आणे. आणि फाईलमध्ये निघाले आठ. बरं, बिटांत आठ म्हणजे सोळाच्या निम्मे असं पण नाही, २५६ कुठे आणि ६५,५३६ कुठे, रुपयातला पैसाही नाही उरत. त्यांना हा हिशेब सांगितला असता तर खूप हसले असते, मला माहितीये. मग म्हणाले असते, आकाश आहे ना जागेवर?

आहे. पायऱ्या-पायऱ्यांचं आहे.

असो. गिम्पच्या आत जे इंजिन आहे ना, गेगल, त्याचं चिन्ह पाच पायांची शेळी आहे. खरंच. इतकी वर्षं मी पाच पायांच्या शेळीवर विश्वास ठेवून वर स्वतः रेंज २५६ लिहून बसले, तर दोष शेळीला कसा देणार. आता नव्या स्क्रिप्टची पहिली ओळ अशी आहे की मूळ फाईल आणि सेव्ह करायची फाईल एकाच फोल्डरला असतील तर बंदच पड. दुसरी ओळ, निळ्यात तीनशेपेक्षा कमी किमती निघाल्या तर बोंब मार. मेसेजच तसा लिहिलाय, "बोंब".

राहिले निगेटिव्ह. ते दादाकडे, त्या पत्र्याच्या डब्यात. पुन्हा स्कॅन करायचे तर चार मिनिटांना एक धरून सत्तावीस-अठ्ठावीस तास, ते होतील. पण दादाला विचारायचं म्हणजे, गणपतीत जे झालं त्यानंतर... साडेदहाला शेवटी टाकला मेसेज, "तो निगेटिव्हचा डबा आहे का रे अजून". दुसरं काही नाही लिहिलं.

आत्ता उत्तर आलं. "डबा आहे. स्क्रू ठेवलेत त्यात. का?"

या "का"चं काय करू. २५७ लिहू? तीन वेळा टाईप करून खोडलं. शेवटी लिहिलं, "काही नाही, स्कॅनचं थोडं काम राहिलंय. रविवारी आहेस का घरी?"