धबधबा खाली, कडा वर

पावसाळ्यात मोठा धबधबा बघायला जायचं म्हणजे खरं तर धुकं बघायला जायचं, हे सातारकरांना वेगळं सांगायला नको. सज्जनगडाचा फाटा मागे टाकून ठोसेघरला पोचलात, तिकीट काढलंत, ओल्या पायऱ्या जपून उतरून गॅलरीच्या रेलिंगला जाऊन उभे राहिलात की समोर पांढरं. नुसतं पांढरं. आत कुठेतरी आवाज चाललेला असतो, लांबून मालगाडी जात राहावी आणि तिचे डबे संपूच नयेत तसा. लोकं पाच मिनिटं बघतात, "काय दिसत नाय राव" म्हणतात आणि भजी खायला परत वर जातात.

माझं म्हणणं, थांबा की जरा. एवढ्या लांब आलायत, भजी काय पळून जात नाहीत.

कारण धुकं हलतं. आधी दरीच्या तळाशी थोडंसं फाटतं, तिथे झाडांचे हिरवे शेंडे दिसतात, मग परत बंद, मग एकदम वरच्या बाजूला कड्याचा काळा तुकडा आणि त्याच्यावरून खाली येणारं पाणी, आणि तेवढ्यात रेलिंगवरच्या सगळ्या अनोळखी माणसांच्या तोंडून एकच आवाज, "दिसला, दिसला!" कुणीतरी शिट्टी मारतं, कुणाचं तरी लहान पोरगं खांद्यावर चढवलं जातं. मग परत पांढरं. नुसतं डोंगरावरून पडणारं पाणी बघून अख्ख्या बसभर माणसांनी एकदम ओरडावं असं त्यात काय असतं कोण जाणे, पण ओरडल्याशिवाय राहवत नाही हे खरं.

मी गेले होते ते सासूबाईंना घेऊन. त्यांचं माहेर उंब्रज. मी आपलं सहज सांगितलं, "आई, ही तारळी नदी बरं का." तर त्या रेलिंगला घट्ट धरून माझ्याकडेच बघायला लागल्या. उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते, लहानपणी त्या तिथे धुणं धुवायच्या, उन्हाळ्यात घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे जायच्या. "अगं, ती गरीब आहे आमची तारळी," त्या म्हणाल्या, "ही असली कुठली?" मग धुकं हटलं आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. नंतर फक्त एवढंच, "माहेरी अशी होती होय."

आता बघायचं कसं, ते सांगते. अख्खा धबधबा एकदम बघायला गेलं की डोळा कुठेच थांबत नाही. त्यापेक्षा वरच्या काठाला नजर लावायची, जिथे पाणी वाकतं. तिथे ते अजून नदीच असतं, गढूळ, मातकट. काठ सोडला की फुटतं, पांढरं होतं, त्याचे टोकदार गठ्ठे होतात. त्यातला एक गठ्ठा पकडायचा आणि नजरेने त्याच्याबरोबर खाली जायचं. जाताना तो विरत जातो, कडेने धूर सोडत, आणि तळाशी पोचायच्या आधीच गायब. मग परत वर, दुसरा गठ्ठा. दोन-चारदा केलं की कळतं, पाणी आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार हळू उतरतंय.

ते खरंच हळू असतं. कर्नाटकातल्या जोग धबधब्याची राजा नावाची धार 253 मीटर सरळ खाली पडते. हवा नसती तर तेवढं अंतर जेमतेम सात सेकंदात कापून पाण्याने तळाशी ताशी 250 किलोमीटरचा वेग गाठला असता. पण वाटेत त्याचे थेंब होतात, थेंबाला हवा अडवते, आणि पावसाचा मोठ्ठा थेंबसुद्धा ताशी तीसेक किलोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणून उंच धबधब्याचं अर्धं पाणी पडत नाही, तरंगत येतं. आणि वारा चढा असला तर तेही येत नाही, नाणेघाटात नाहीतर आंबोलीजवळ कावळेसादला उलटं वर उडून आपल्याच तोंडावर बसतं.

आता गंमत. एखादं मिनिटभर असं पाण्याकडे टक लावून बघा आणि मग एकदम नजर बाजूच्या कोरड्या कड्यावर न्या. कडा वर चढायला लागतो! अगदी सावकाश, झाडंझुडपं घेऊन. 1834 मध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी हेच बघून लिहून ठेवलं, त्यावरून पुढे त्याचं नावच धबधब्याचा भास असं पडलं. मेंदूत खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी सतत बघून दमतात, मग वर जाणारी टिपणाऱ्यांचं पारडं जड होतं आणि स्थिर दगडही वर सरकताना दिसतो. मी सासूबाईंना करून बघायला लावलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं, आणि मला म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काही नाही ना, त्याने होतंय."

तो कडाही नुसता बघण्यासारखा आहे, पण त्यासाठी पाणी कमी झाल्यावर जावं, दिवाळीच्या पुढे. तेव्हा आडव्या पट्ट्या स्वच्छ दिसतात, एकावर एक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते थर. कठीण थराचा सरळ कडा होतो, मऊ थर झिजून आत जातो, म्हणून आपल्याकडचे धबधबे सहसा एका उडीत खाली येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात. आणि प्रत्येक पावसाळ्यात काठाचा कुठला ना कुठला दगड खाली जातो, त्यामुळे धबधबा अगदी हळूहळू मागे मागे सरकत असतो, दरी लांब करत.

दिवाळीनंतर तिथे गर्दी नसते, बारीक धार असते, आणि पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना लख्ख दिसतात. सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मला आणू नकोस, बारीक धार मी उंब्रजला पुष्कळ बघितलीय.