भरतीची वेळ

"ती चालते हो. आयुष्यभर उभं राहून शिकवलंय तिनं," फोंड्याहून बाईंचा पुतण्या फोनवर म्हणाला, आणि मी तिकिटाच्या विनंतीत व्हीलचेअरपुढे 'आर' टाकून मोकळा झालो. बारा वर्षं टूर मॅनेजर म्हणून काढली, तरी ही चूक केलीच.

आमच्या धंद्यात व्हीलचेअरचे तीन प्रकार. डब्ल्यूसीएचआर म्हणजे प्रवासी पायऱ्या चढतो-उतरतो, फक्त लांबचं चालणं जमत नाही. शेवटी 'एस' असेल तर पायऱ्या जमत नाहीत. 'सी' म्हणजे थेट सीटपर्यंत खुर्चीतून न्यायचं. घरची माणसं नेहमी एक प्रकार हलका करून सांगतात. आपलं माणूस खुर्चीत बसलं की कमीपणा वाटतो की काय, कोण जाणे. आणि बाईंच्या डाव्या पायाला आधार देणारं कॅलिपर तर मी ऑफिसात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लहानपणचा पोलिओ. आता वयाच्या चौऱ्याहत्तरीत चांगल्या पायाचा गुडघाही गेलेला.

मधल्या विमानतळावर विमान टर्मिनलपासून लांब उभं राहिलं, दाराला शिडी. कागदावर 'आर', त्यामुळे खुर्चीसकट माणसाला खाली घेणारी अँब्युलिफ्ट कुणी बोलावलीच नव्हती. सगळे उतरले, सफाईवाले व्हॅक्यूम घेऊन चढले, आणि बाई चाळीस मिनिटं मांडीवर शाल घेऊन बसून राहिल्या. मी माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखं तोंड करू नको. पुढचं विमान चुकलं का?" नव्हतं चुकलं. थोडक्यात वाचलो.

बाईंना लिस्बन पाहायचं नव्हतंच मुळी. त्यांना तिथली तेजो नदी पाहायची होती. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा त्या दहा वर्षांच्या. त्याआधी पोर्तुगीज प्राथमिक शाळेत पोर्तुगालच्या नद्या पाठ. मीन्यु, दोरु, मोंदेगु, तेजो, ग्वादियाना. एक चुकली की हातावर पट्टी. "मांडवी कुठून येते ते कुणी शिकवलं नाही," त्या सांगत होत्या, "पण तेजो अजून झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन." पुढे त्या भूगोल शिकवायला लागल्या. गोदावरी, कृष्णा, सगळ्या शिकवल्या. न बघता पाठ केलेली ती एक नदी मात्र डोक्यात बसून राहिली. ऑफिसात पैसे भरताना मला कोकणीत एवढंच म्हणाल्या होत्या, "तूं म्हाका न्हंयेर व्हर, फुडलें हांव पळयतां." नदीवर ने, पुढचं मी बघते.

लिस्बनचे फुटपाथ म्हणजे व्हीलचेअरचे दुश्मन. पांढऱ्या-काळ्या दगडांचे छोटे चौकोनी तुकडे बसवलेले, दिसायला सुरेख, पण खुर्चीची पुढची लहान चाकं फटीत अडकतात. अशा ठिकाणी खुर्ची वळवून पाठमोरी ओढायची, तर ती चालते. त्यामुळे बाईंनी अर्धं लिस्बन उलट्या दिशेनं पाहिलं. बेलेंच्या बुरुजात अरुंद गोल जिना, लिफ्ट नाही. त्यांनी बाहेरूनच पाहिला आणि हळहळल्याही नाहीत. जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, तिच्यापुढे मिनिटभर थांबून म्हणाल्या, "मेला आपल्या कोचीत, 1524 साली." जवळच ते प्रसिद्ध कस्टर्डचे पेस्त्री मिळतात. ग्रुप रांगेत लागला. बाईंच्या मते आपली गोव्याची बेबिंका बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मला विचारलं, "आज भरती कधी?"

मला वाटलं, सहज विचारताहेत. हॉटेलच्या काउंटरवर चौकशी केली, संध्याकाळी साडेचारच्या सुमारास म्हणाले. "मग आपण तीनला जाऊ," बाई म्हणाल्या.

प्रासा दो कोमेर्सियु हा नदीच्या बाजूनं उघडा असलेला भला मोठा चौक. काठावर दोन खांब, आणि त्यांच्यामधून दगडी पायऱ्या सरळ तेजोत उतरतात. पाण्यापर्यंत बऱ्याच पायऱ्या होत्या, खालच्या शेवाळानं हिरव्यागार. मी म्हटलं, बाटलीत भरून आणतो. "मी काय गंगाजल न्यायला आलेय?" खुर्चीचा ब्रेक लावायला सांगितला, माझा खांदा धरून वरच्या पायरीवर बसल्या, साडी घोट्याशी आवळली, आणि दोन्ही हात टेकून बसल्या बसल्या एकेक पायरी उतरू लागल्या. एक, दोन, तीन, चार. लहानपणी शाळेचा जिना त्या असाच उतरायच्या म्हणे. मी घाबरून दोन पायऱ्या खाली उभा.

चौथ्या पायरीवर थांबल्या. "शेवाळात जायचं नाही. आता पाणी येईल."

ग्रुप खरेदीला गेला. आम्ही दोघं बसलो. पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटी सुटत होत्या, पणजी-बेती फेरीसारख्याच, आणि प्रत्येक बोटीमागून लाट येऊन एखादी पायरी जास्त भिजवून जायची. बाईंनी भूगोल चालू केला. तेजोचा उगम स्पेनमध्ये. शाळेत हे सांगितलं नव्हतं. "आपल्या म्हादईसारखंच. उगम कर्नाटकात, मुख आपल्याकडे. यांचंही पाण्यावरून भांडण असणार बघ." मी मोबाईलवर पाहिलं. दोन्ही देशांनी 1998 साली नद्यांच्या पाण्याचा करार केलेला.

"बघ," बाई म्हणाल्या, परीक्षेत पेपर फुटल्यासारख्या खूश.

सव्वाचारला पाणी खालच्या पायरीवर आलं. बाईंनी कॅलिपरचे पट्टे सोडले, बूट काढून माझ्या हातात दिला. पुढच्या बोटीची लाट आली आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत भिजले. त्यांनी वाकून बोट बुडवलं आणि मी अडवायच्या आत जिभेला लावलं.

"खारं. पणजीच्या धक्क्याला लागतं तसंच."

वर यायला मात्र मी आणि एक अनोळखी पोर्तुगीज पोरगा, दोघांनी मिळून उचललं.

परतीला लिस्बन विमानतळावर मदतकक्षातल्या मुलीनं मला इंग्रजीत विचारलं, यांना पायऱ्या जमतात का. मी 'एस' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात खुर्चीतून साठेक वर्षांपूर्वीचं पट्टी खाऊन शिकलेलं पोर्तुगीज आलं. "देश्सेर, सीं. सुबीर, नांव." उतरणं हो. चढणं नाही.

त्या मुलीनं काय लिहिलं, ते मी पाहिलं नाही.