पाच वर्षांनंतरची गाडी आजच बघायची

शोरूममध्ये कुठलीही गाडी चकचकीतच दिसते. म्हणून मी आधी कुर्ल्याला, सीएसटी रोडवर ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी कापून उघडलेला एक डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, दाखवला. आतली जाळी काजळीने पार बुजलेली. २०२० पासून, बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आल्यावर, डिझेल गाड्यांत हा फिल्टर असतोच.

"रोजचं रनिंग किती?"

"सायन ते दादर."

"मग डिझेल नको रे. एवढ्याशा अंतरात, ट्रॅफिकमध्ये काजळी जळायला इंजिन तापतच नाही."

पेट्रोल पक्कं केलं. इंजिनही जुनंजाणतं, टॅक्सीवाले वर्षानुवर्षं पळवतात ते. दादाने नवंकोरं मॉडेल पहिल्याच वर्षी घेतलं होतं. गिअरबॉक्ससाठी गाडी दीड महिना वर्कशॉपमध्ये पडून. वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. ते दिवस मी विसरलेलो नाही.