नाही म्हणायला

प्रदर्शन पाहून निघालेले लोक चपला घालता घालता विचारायचे, आणि अजूनही रस्त्यात भेटले की विचारतात, "चित्रंही तुमची, क्युरेटरही तुम्हीच. मग तुम्हाला नाही म्हणायला कोण होतं?" प्रश्न अस्सल पुणेरी आहे. कुतूहल चमचाभर, आक्षेप वाटीभर. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सुरुवातीला कोणीच नव्हतं. क्युरेटर, म्हणजे कोणती चित्रं लावायची आणि कशी मांडायची हे ठरवणारा माणूस, नेमायला पैसे नव्हते, हे पहिलं आणि खरं कारण. नारायण पेठेतला आमचा वाडा बिल्डरच्या ताब्यात जायला चार महिने उरले होते, आणि मला चित्रं मांडायची होती ती त्यातल्या आत्याच्या दोन खोल्यांतच. गॅलरीत नाही. माणूस उंबरा ओलांडून आत आला की चित्रं, भांडी, आवाज, वास या सगळ्याच्या मधोमध सापडावा, अशी कल्पना. हल्ली याला इमर्सिव्ह म्हणतात.

विषय पानशेतच्या पुराचा. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही टिकलं नाही, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं. आत्या तेव्हा चौदा वर्षांची. पाण्याबद्दल ती फारसं बोलत नाही, बोलते ते नंतरच्या चिखलाबद्दल. भिजलेल्या ज्वारीला मोड आले होते आणि आजीच्या शालूच्या प्रत्येक घडीत गाळाची एकेक पट्टी बसली होती. तीन वर्षं मी तो गाळच रंगवत होते. चाळीस चित्रं झाली.

पहिल्या मांडणीत चाळीसही लावली. वर आजीचे डबे, घंगाळ, स्टोव्ह, ट्रंका. बाजूला उभी राहून पाहिलं तर थेट रुखवत! फक्त नवरीची सही तेवढी राहिली होती.

मग मी कामाच्या वेळा वाटून घेतल्या. सकाळी क्युरेटर, चारनंतर चित्रकार, आणि दोघींच्या वह्या वेगळ्या. फुटाला इंच या मापानं पुठ्ठ्याच्या दोन खोल्या केल्या आणि चित्रांच्या तिकिटाएवढ्या छापील प्रती त्यात सरकवत बसले. सकाळच्या वहीत मी स्वतःचा उल्लेख "या बाई" असा करायचे. "या बाईंना पुराचे फोटो कशाला हवेत? पुण्यात ते न पाहिलेला माणूस आहे का?" फोटो गेले. पाण्याचा आवाज गेला, त्याऐवजी ट्रंकेत स्पीकर ठेवून फरशीवरचा वाळका चिखल उलथन्यानं खरवडल्याचा आवाज लावला. चित्रं सतरावर आली. सहा बाय चारचं सगळ्यात मोठं चित्रही वगळलं, कारण ते लावलं की समोरची खिडकी दिसेनाशी व्हायची. वहीत लिहिलं होतं, "चित्र उत्तम. खोलीला नको." चारनंतरच्या बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. चित्र चादरीत गुंडाळून जिन्याखाली ठेवलं.

उंचीवरून मात्र दोघींचं लगेच जमलं. गॅलरीत चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर धरतात. मी अडीच फुटांवर धरला, आत्या भिंतीला टेकून धान्य निवडायला बसायची त्या नजरेला. म्हणजे पाहायचं तर सतरंजीवर बसायचं. तिसऱ्या दिवशी एका आजोबांना उठवायला दोघं लागले, तेव्हा स्टुलं आणली. स्टुलावरून चित्रं तितकी दिसत नव्हती. ते सोसलं.

क्युरेटर जिथे साफ नापास झाली तेही सांगते. मला प्रदर्शन १२ जुलैलाच सुरू करायचं होतं. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बाई, भर पावसाळ्यात जुन्या वाड्यात कागद? शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा जाड कागद, मी तो चारही कडांनी ठोकून बसवलेला. हवेतला ओलावा पिऊन कागद पसरला, कडा सुटायला वाव नाही, म्हणून मधे पोटं सुटली. दोन दिवसांत सतराही चित्रं गरोदर. खालच्या टाचण्या काढल्या तेव्हा जरा श्वास घेतला त्यांनी. पुराच्या चित्रांना दमट हवा शोभते, असं कोणीतरी कौतुकानं म्हणालं. मी गप्प राहिले.

स्वतः जमवून स्वतःच मांडणं पुण्याला तरी नवं नाही. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दरवाजे गोळा केले, आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय केलं आणि कोथरूडचा मस्तानी महाल आणून तिथे पुन्हा उभारला. शाळेच्या सहलीत त्या महालात उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा वाटलं होतं की आपण वस्तू बघायला नाही, कोणाच्या तरी घरी आलोय. तिकडे पॅरिसमध्ये कूर्बे या फ्रेंच चित्रकारानं १८५५ साली सरकारी प्रदर्शनाशेजारी स्वतःचा मंडप घालून चाळीसेक चित्रं लावली होती. त्याची मोठी चित्रं आधी ज्युरीनं नाकारली होती, म्हणजे त्याला निदान नाही म्हणणारं कोणीतरी होतं.

मला ते भेटलं पाचव्या दिवशी. आत्या रिक्षातून आली. मुद्दाम उशिरा बोलावलं होतं, घाबरत होते. चित्रांकडे तिनं पाहिलंही नाही. मोरीपाशी जाऊन तांब्या डावीकडून उजवीकडे ठेवला. मग नाक उडवून म्हणाली, "हा वास कसला गं?"

घासलेटाचा. मला त्याचाच तर अभिमान होता. ओळखीच्या मेकॅनिककडून मिनतवारीनं बाटलीभर मिळवलं होतं, स्टोव्हखाली बोळा भिजवून ठेवला होता.

"आमच्या घरात असला वास? आईनं फोडून काढलं असतं. स्टोव्ह भरून झाला की राखेनं हात घासायचे, मग घरात यायचं."

बोळा त्याच संध्याकाळी टाकला. शेवटचे चार दिवस लोक आत येऊन हुंगायचे आणि विचारायचे, "तो वास कुठाय? आम्हाला सांगितलं होतं, वास आहे म्हणून." मी त्यांना राखेची वाटी दाखवायचे. ती आत्यानंच दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांबरोबर पाठवली होती, मोरीत कुठे ठेवायची या निरोपासकट.