मियाटा आणि ओक ट्री रोड: गाडी थंड ठेवण्याचं पुढचं अपडेट

मंडळी, मियाटाचं अपडेट बरेच दिवस राहिलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मियाटा म्हणजे माझदाची दोन सीटांची, छप्पर उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार, माझी गाडी १९९१ ची, १.६ लिटर, एसी चालू आहे आणि तो चालूच ठेवायचाय, न्यू जर्सीतल्या जुलैच्या दमट उकाड्यात एसी काढून टाक म्हणणाऱ्यांनी आधी इथे येऊन दाखवावं.

तर तक्रार अशी होती की गार्डन स्टेट पार्कवेवर भर दुपारीसुद्धा गाडी (म्हणजे इंजिनातलं पाणी) ९० डिग्री सेल्सियसच्या आसपास एकदम शहाण्यासारखी चालायची, पण शनिवारी संध्याकाळी एडिसनला ओक ट्री रोडवर शिरलं, जिथे अख्खं राज्य मेथीच्या जुड्या आणि चाट घ्यायला आलेलं असतं आणि प्रत्येकाला दुकानाच्या दारातच पार्किंग हवं असतं, की दोन-तीन सिग्नलमध्ये तापमान १०० पार, मग १०५, मग एसी बंद, छप्पर खाली आणि वर इंजिनची उष्णता बाहेर काढायला हीटर फुल, म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाचे हाल विचारू नका.

निम्मं निदान इथेच होतं बघा. हायवेला गरम होत असेल तर रेडिएटर चोंदलेला, पंप थकलेला किंवा गाडीखालची प्लास्टिकची ट्रे गायब (ती नसली की वेगात हवा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी खालून निसटते). फक्त उभ्या गाडीत गरम होत असेल तर आधी हवा बघा, पाणी नंतर.

आणि डॅशबोर्डवरच्या काट्यावर अजिबात जाऊ नका. या गाडीत तो मुद्दामच सुस्त केलेला आहे, बऱ्याच मोठ्या रेंजमध्ये मधोमध बसून राहतो आणि जागचा हलेपर्यंत उशीर झालेला असतो. मी रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी नळीत) अडॅप्टर टाकून वेगळा सेन्सर लावलाय, वरचे सगळे आकडे त्याचेच.

रेडिएटर बदलला. जुन्याची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली होती, आणि मियाटावाल्यांना माहितीये की तो रंग आला म्हणजे टाकी कधीही तडकणार, त्यामुळे तो जाणारच होता. पूर्ण अल्युमिनियमचा जाडजूड टाकला. हायवेला फरक पडला पण ओक ट्री रोडला जवळपास शून्य, कारण जाड कोअरमधून (रेडिएटरच्या आतल्या जाळीतून) हवा ओढायला पंख्याला जोर जास्त लागतो आणि पंखाच मरतुकडा असेल तर जाड रेडिएटर घेऊन काय करणार.

मग पंखा. ही युक्ती नवीन लोकांनी लिहून ठेवा. बॉनेटखाली डायग्नोसिसची छोटी डबी असते, तिच्यात टीएफए आणि जीएनडी या दोन खाचा वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि किल्ली ऑन करायची, मेन पंखा लगेच फिरायला पाहिजे. नाहीतर पंखा आपोआप चालू करणारा थर्मोस्विच साधारण ९७ डिग्रीला लागेपर्यंत ताटकळत बसा. माझा पंखा फिरत होता, म्हणून सगळे म्हणाले पंखा ओके. पण इंजिन आयडलला, हेडलाइट आणि एसी चालू असताना मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंख्याच्या प्लगवर ११.४. जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच गायब! प्लगची पिन हिरवी पडलेली, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला, तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीत असणारच म्हणा. अर्थिंग घासून चकचकीत केलं, नवीन प्लग, आणि पंख्याला बॅटरीवरून फ्यूज-रिले टाकून स्वतंत्र जाड वायर दिली. आता १३.४ मिळतात आणि आवाजावरूनच कळतं, आधी नुसता घुं घुं होता, आता बॉनेट उघडं असलं की हातावर वारा जाणवतो.

पण खरी गंमत पुढे आहे. उभ्या गाडीत रेडिएटरच्या मागची गरम हवा कडेच्या फटींतून परत पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो, म्हणजे आपलंच उष्टं परत. खात्री करायला देवघरातली उदबत्ती आणली (बायकोने फक्त बघितलं, बोलली काही नाही) आणि पंखा चालू ठेवून रेडिएटरच्या कडेने फिरवली. डाव्या बाजूला धूर मागून सरळ पुढे वळून कंडेन्सरमध्ये (रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीत) घुसताना दिसला, नवीन रेडिएटर आणि बॉडीच्या मधली फट चांगली दोन बोटं. दोन्ही बाजूंना आणि वर उष्णता सहन करणारा फोम चिकटवला. खर्च दोन कॉफींचा, आणि डिग्रीमागे पैसे मोजले तर सगळ्यात स्वस्त काम हेच. कंडेन्सरची जाळीही आतून बाहेर हलक्या पाण्याने धुतली, मेलेले किडे, पिसं, कापूस असलं बरंच काही निघालं. प्रेशर वॉशर नको, पात्या आडव्या होतात.

कमी तापमानाचा थर्मोस्टॅट (गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) टाक असं अनेकांनी सुचवलं. तो फक्त लवकर उघडतो हो, १०५ ला दोन्ही पूर्ण उघडेच असतात, त्याने ट्रॅफिकमध्ये काय होणार? रेडिएटरच्या कॅपचं रबर मात्र बघा. १३ पीएसआयची कॅप नीट धरत असेल तर उकळबिंदू साधारण २० डिग्रीने वर जातो, रबर कडक झालं असेल तर तो आधार गेला. आणि कूलंट भरताना गाडीचं नाक रॅम्पवर वर, हीटर फुल गरमवर, बुडबुडे थांबेपर्यंत घाई नको.

परवाच्या शनिवारी ३३ डिग्रीत, एसी चालू ठेवून पुन्हा ओक ट्री रोडला गेलो, मुद्दाम गर्दीच्या वेळी. ९६-९७ ला येऊन थांबलं आणि तिथेच राहिलं, हीटरला हात लावला नाही.

आता राहिलं रीरूट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याचा मार्ग बदलणं. हे इंजिन मुळात माझदाच्या आडव्या इंजिनवाल्या गाड्यांतून आलेलं, मियाटात उभं (गाडीच्या लांबीत) बसवताना पाणी आत येणं आणि बाहेर जाणं दोन्ही पुढूनच ठेवलं, त्यामुळे मागचा चार नंबरचा सिलिंडर कायम जास्त गरम. थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेला की ते सुटतं. ट्रॅफिकपेक्षा ट्रॅकवाल्यांना त्याचा उपयोग जास्त, पण टायमिंग बेल्टच्या वेळी वॉटर पंप निघणारच आहे, कूलंट काढलेलंच असेल, तेव्हाच उरकून टाकेन. अडचण एकच, १.६ मध्ये हेडच्या मागेच कॉइल पॅक (स्पार्क प्लगला करंट देणारा भाग) बसलेलं आहे आणि जागा अगदी तंग. ते न हलवता कोणी रीरूट बसवलंय का? होज कुठून फिरवला तेवढं सांगा.